कॅराव्हॅनच्या मुक्कामात इंटरनेट टिकवण्याची तजवीज: नागपूर परिसरातील प्रवाशांसाठी

नागपूरहून गाडीमागे कॅराव्हॅन जोडून निघाले की दीड-दोन तासांत पेंचचे जंगल लागते, उमरेड-कऱ्हांडला त्याहूनही जवळ पडते, आणि ताडोबाचे मोहर्ली प्रवेशद्वार किंवा गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा तलाव सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येतो. मिहानमधील कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांना किंवा घरी बसून संगणकावर काम करणाऱ्यांना त्यामुळे साहजिकच वाटते की शुक्रवार-सोमवारची रजा न टाकताही चार दिवसांचा मुक्काम जमेल, फक्त इंटरनेट मिळाले पाहिजे. ते बऱ्याच ठिकाणी मिळते. अडचण होते ती क्रम उलटा लावल्यामुळे: आधी महागडा राउटर आणि अँटेना विकत घेतली जाते, मग जागा ठरते, आणि तिथे कोणत्या कंपनीची रेंज आहे हे कॅराव्हॅन उभी करून पायऱ्या उघडल्यावर कळते. खालील पायऱ्या गरज, चौकशी, सिम, मोजमाप आणि शेवटी यंत्रे अशा क्रमाने लावल्या आहेत, कारण खर्चाचा मोठा भाग याच क्रमाने वाचतो.

पायरी १: कामाला किती इंटरनेट लागते ते ठरवा

इंटरनेट पाहिजे एवढे म्हणून भागत नाही. व्हॉट्सॲपवरचा साधा आवाजी कॉल आणि मजकुराचे ईमेल अगदी क्षीण जोडणीवरही निभावतात. दोघांमधल्या एचडी व्हिडिओ कॉलला जाता-येता दोन्ही दिशांनी सुमारे १.२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, वेगाचे माप) लागतात, आणि दहा जणांच्या बैठकीत आपला चेहरा एचडी दर्जात दाखवायचा असेल तर अपलोडच अडीच एमबीपीएसच्या आसपास हवे. जंगलाच्या कडेला हा अपलोडच आधी दगा देतो, कारण टॉवर मोठ्या शक्तीने बोलतो आणि आपला फोन किंवा राउटर फार थोड्या शक्तीने उत्तर देतो. म्हणून वेग तपासताना डाउनलोडच्या मोठ्या आकड्यावर खूश न होता अपलोडचा आकडा आणि पिंगची वेळ, म्हणजे पाठवलेल्या संदेशाला उत्तर यायला लागणारा वेळ, पाहावी.

करमणुकीचा हिशेब वेगळा मांडावा. एचडी चित्रपट तासाला साधारण ३ जीबी डेटा खातो, म्हणजे रोज २ जीबी मिळणारे रिचार्ज पाऊण तासातच संपते आणि त्यानंतर बहुतेक प्रीपेड योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगावर ईमेल उघडायलाही धीर लागतो.

पायरी २: निघण्यापूर्वीची चौकशी

दूरसंचार कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या व्याप्तीचे नकाशे असतात आणि दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर एखाद्या ठिकाणाजवळचे टॉवर नकाशावर पाहता येतात. सेलमॅपर किंवा ओपनसिग्नल यांसारख्या ॲपवर वापरकर्त्यांनी प्रत्यक्ष नोंदवलेली मोजमापे मिळतात, पण आडवाटेला अशा नोंदी विरळ असतात. कंपनीच्या नकाशावर एखादे गाव रंगवलेले असणे म्हणजे तिथल्या पत्र्याच्या कॅराव्हॅनच्या आत बैठक चालेल असे नव्हे. तो रंग उघड्यावरचा आणि बऱ्याचदा गणिती अंदाजाने काढलेला असतो. त्यामुळे नकाशाचा उपयोग मुख्यतः जागा बाद करण्यासाठी करावा. नकाशावरच जिथे रंग नाही, तिथे कामाच्या दिवशी जाऊ नये.

खरी माहिती मुक्कामाच्या ठिकाणच्या माणसाला फोन करून मिळते, पण प्रश्न नीट विचारला तरच. "नेटवर्क आहे का?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते: "येते न भाऊ, फुल येते." हे उत्तर खोटे नसते, त्या माणसाला कॉल लागण्यापुरतीच रेंज हवी असते आणि ती त्याला मिळते. म्हणून असे विचारावे की तुमच्या फोनमध्ये कोणत्या कंपनीचे सिम आहे, गाड्या उभ्या करतात तिथे उभे राहून आत्ता मला व्हिडिओ कॉल करता का, आणि संध्याकाळी पाहुणे भरले की नेट मंदावते का. दोन मिनिटांचा तो व्हिडिओ कॉल कोणत्याही नकाशापेक्षा अधिक सांगून जातो. त्याच फोनमध्ये कॅराव्हॅनसाठी वीजजोडणी मिळते का, ती किती अँपिअरची आहे आणि रात्री जनरेटर बंद होतो का, हेही विचारून घ्यावे.

व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात खाजगी कॅराव्हॅनला मुक्काम करता येत नाही. बफरमधील (गाभा क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातील) किंवा जंगलाबाहेरील रिसॉर्टचे आवार, पर्यटन महामंडळाची निवासस्थाने किंवा शेतकऱ्याच्या परवानगीने त्याचे शेत, एवढेच पर्याय उरतात. इंटरनेटच्या दृष्टीने ही गोष्ट पथ्यावरच पडते, कारण अशा जागा गावाजवळ असतात आणि टॉवरही गावातच असतो.

पायरी ३: दोन कंपन्यांची दोन सिम

एकाच कंपनीची दोन सिम घेण्यात काही हशील नाही, कारण टॉवर बंद पडला की दोन्ही एकदम बंद पडतात. जिओ आणि एअरटेल, किंवा यांपैकी एक आणि बीएसएनएल, अशी जोडी ठेवावी. शहरात बीएसएनएलकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी की गडचिरोलीसारख्या दुर्गम भागात आजही काही गावांत तेवढाच एक टॉवर असतो आणि सप्टेंबर २०२५ मध्ये या कंपनीची देशी बनावटीची ४जी यंत्रणा देशभर अधिकृतपणे सुरू झाली आहे. दुसरे सिम बारा महिने मोठ्या रिचार्जने चालू ठेवण्याची गरज नाही; किमान रिचार्जवर जिवंत ठेवून मुक्कामापूर्वी त्यावर नेटपॅक टाकला तरी भागते. फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर दुसरी कंपनी ई-सिमवर घ्यावी म्हणजे प्लास्टिकचे सिम राउटरसाठी मोकळे राहते.

बँकेत, आधारला आणि यूपीआयला जोडलेले सिम राउटरमध्ये कधीही घालू नये. तसे केल्यास ओटीपीचे संदेश राउटरच्या पोटात जाऊन पडतात, ते वाचण्यासाठी ब्राउझरमधून राउटरचे पान उघडावे लागते, काही राउटरमध्ये तीही सोय नसते, आणि तोवर ओटीपीची मुदत संपते. यूपीआयची ॲप तर फोनमध्ये ते सिम आहे की नाही हे स्वतः तपासतात. ढाब्यावर पैसे देताना ही गोष्ट आठवणे फार महागात पडते.

पेंचकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसर, देवलापार ओलांडून खवासा आले की महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश लागतो, आणि दूरसंचाराच्या दृष्टीनेही मंडळ (सर्कल) बदलते. सिल्लारी किंवा खुर्सापारच्या बाजूला मुक्काम असला तरी राउटर कधीकधी सीमेपलीकडचा टॉवर धरतो, स्वतःला रोमिंगवर समजतो, आणि त्याच्या मांडणीत (सेटिंगमध्ये) डेटा रोमिंग बंद असेल तर रेंजच्या साऱ्या कांड्या दिसत असूनही इंटरनेट चालत नाही. देशांतर्गत रोमिंगला आता वेगळे शुल्क पडत नसल्याने फोन आणि राउटर दोन्हींत ते चालू करूनच निघावे. नेटवर्कची निवडही स्वयंचलित ठेवावी, कारण सरकारी निधीतून उभारलेल्या काही टॉवरवर २०२५ पासून एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे ४जी वापरण्याची मुभा आहे.

पायरी ४: कॅराव्हॅन कुठे उभी करायची, हे आकड्यांवरून ठरवा

फोनवरच्या कांड्या प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने काढते. एका हँडसेटवर तीन कांड्या आणि शेजारच्यावर एक, असे त्याच जागी दिसू शकते. त्याऐवजी दोन आकडे वाचायला शिकावे. पहिला आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या संकेताची ताकद. तो डीबीएममध्ये आणि उणे चिन्हाने लिहिला जातो, त्यामुळे उणे ८५ हा उणे १०५ पेक्षा चांगला. उणे ९० च्या आत असेल तर काळजी नाही, उणे १०० ते ११० या टप्प्यात अँटेनाची मदत लागते, आणि उणे १२० च्या जवळ जोडणी तुटण्याच्या बेतात असते. हे माप सरळ वाढत नाही. ३ डीबीने (डेसिबेलने) संकेताची ताकद दुप्पट होते आणि १० डीबीने दहापट.

दुसरा आकडा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत संकेत किती स्वच्छ आहे त्याचे माप. तो २० च्या वर असेल तर उत्तम, १० च्या आसपास कामचलाऊ, आणि शून्याखाली गेला तर कांड्या भरलेल्या दिसूनही पान उघडत नाही. नवशिके नेहमी पहिल्याच आकड्यामागे लागतात. माझ्या मते बैठक चालणार की नाही हे दुसरा आकडा अधिक खात्रीने सांगतो.

अँड्रॉइड फोनमध्ये नेटवर्क सेल इन्फो यांसारखे ॲप हे आकडे दाखवते, आणि आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* हा क्रमांक डायल केल्यावर चाचणीचा पडदा उघडतो. मुक्कामी पोहोचल्यावर कॅराव्हॅन सोडवण्याआधी फोन हातात घेऊन सारे आवार पायी फिरावे. दोन्ही कंपन्यांचे आकडे चार-पाच जागी लिहून घ्यावेत, प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबावे आणि तिथेच एकदा वेग मोजावा. चाळीस-पन्नास पावलांत फरक पडतो: विहिरीजवळच्या सखल जागेत उणे ११२ दिसणारा आकडा बांधावर चढल्यावर उणे १०१ झाला, तर तेवढ्या चढणीने कोणत्याही खरेदीवाचून दहापटीहून अधिक ताकद मिळवून दिली. दाट सागवानाच्या किंवा बांबूच्या आड जाऊ नये. पावसाळ्यात ओली पाने संकेत आणखी शोषतात, त्यामुळे मे महिन्यात चाललेली जागा ऑगस्टमध्ये चालेलच असे नाही.

सावली आणि रेंज यांचे मात्र पटत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात गाडी मोहाच्या झाडाखालीच लावावीशी वाटते आणि रेंज नेमकी उघड्यावर असते. अशा वेळी कॅराव्हॅन सावलीत ठेवावी आणि अँटेना लांब उघड्यावर न्यावी; ते कसे करायचे, हे पुढे येते.

पायरी ५: राउटर कसा निवडावा

दोन-तीन दिवसांचा मुक्काम, एक लॅपटॉप आणि उणे ९५ च्या आतला संकेत असेल तर फोनचा हॉटस्पॉट पुरतो आणि राउटरवर पैसे घालण्याचे कारण उरत नाही. राउटर लागतो तो घरातले तिघे-चौघे एकदम जोडले जाणार असतील, बाहेरची अँटेना जोडायची असेल किंवा दोन सिमांत आपोआप अदलाबदल हवी असेल तेव्हा.

घेताना त्यावर अँटेनासाठी एसएमए पद्धतीची स्क्रूची तोंडे आहेत का ते पाहावे. खिशातल्या डोंगलांना असणारे टीएस-९ चे नाजूक तोंड खडबडीत रस्त्यावर टिकत नाही. त्यानंतर बँड, म्हणजे राउटरला चालणारे लहरींचे पट्टे, तपासावेत. भारतात ४जीसाठी मुख्यतः ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरले जातात, म्हणजे अनुक्रमे बँड ५, ८, ३, १, ४० आणि ४१. बीएसएनएलचे ४जी ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड २८ वरही चालते. अमेरिकेसाठी बनवलेले जुने राउटर स्वस्तात मिळतात, पण त्यांत बँड ४० बहुधा नसतो. ५जी राउटर घ्यायचा असेल तर जिओची सेवा स्टँडअलोन पद्धतीची (४जीचा आधार न घेता स्वतंत्र चालणारी) असल्याने राउटरला ती पद्धत चालते का, हे विचारावे. जंगलाच्या कडेला मात्र ५जीवर जास्तीचे पैसे घालावेत असे मला वाटत नाही. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लाटा दूरवर जातात आणि झाडीतून त्यातल्या त्यात बऱ्या वाट काढतात, तर २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झच्या लाटा वेगवान पण आखूड पल्ल्याच्या असतात. ज्या राउटरमध्ये विशिष्ट बँड पक्का करण्याची सोय आहे, त्यात दोन-तीन बँडवर वेग मोजून स्थिर असलेला धरून ठेवावा.

दोन सिमांची मांडणी करताना फेलओव्हर हा पर्याय निवडावा, म्हणजे एक जोडणी काम करते आणि ती तुटल्यावर दुसरी आपोआप लागते. दोन्हींवर भार वाटून देण्याचा पर्याय आकर्षक वाटतो, पण बँकेची संकेतस्थळे आणि कचेरीचे व्हीपीएन (कचेरीच्या जाळ्याशी सुरक्षित जोडणी) क्षणाक्षणाला बदलणारा इंटरनेटवरचा पत्ता पाहून बाहेर काढतात. जोडणी तुटली हे ओळखण्यासाठी राउटर एखाद्या ठरलेल्या पत्त्याला ठरावीक वेळाने पिंग करतो. ही वेळ पाच-दहा सेकंदांची ठेवावी. एपीएनच्या (कंपनीच्या इंटरनेटला जोडण्याच्या) मांडणीत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ हे पत्त्यांचे दोन्ही प्रकार चालू ठेवावेत. मोबाइल जोडण्यांवर बहुधा अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता असतो आणि बाहेरून थेट आपल्या राउटरपर्यंत पोहोचता येत नाही, त्यामुळे कॅराव्हॅनमधला सीसीटीव्ही दुरून पाहायचा असेल तर क्लाउडवर चालणाराच कॅमेरा घ्यावा.

पायरी ६: बाहेरची अँटेना

कॅराव्हॅनचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याच्या आतले चंदेरी उष्णतारोधक अस्तर मिळून संकेत अडवणारा डबाच तयार होतो. दारात उभे राहून आणि आत पलंगावर बसून आरएसआरपी मोजला की हा फरक लगेच कळतो, आणि अँटेनाचे पहिले काम संकेत वाढवणे हे नसून तो या डब्याच्या आत आणणे हे असते. तरीही तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. बाहेर उघड्यावर, खांबाच्या उंचीवरही फोनला काहीच सापडत नसेल, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

अँटेना दोन प्रकारच्या असतात. सर्व दिशांची अँटेना छतावर कायमची बसवता येते आणि चालत्या गाडीतही उपयोगी पडते, पण तिचा लाभ (गेन, म्हणजे संकेतात होणारी वाढ) माफक असतो. एका दिशेची, म्हणजे यागी, लॉग-पिरिऑडिक किंवा सपाट पॅनेल, ही टॉवरकडे रोखावी लागते आणि दूरच्या टॉवरसाठी तीच कामाची. ४जी एकाच वेळी दोन प्रवाहांत चालते, त्यामुळे दोन केबलींची, एकमेकींना काटकोनात तिरप्या बसवलेल्या दोन घटकांची अँटेना घ्यावी. एकाच केबलीची घेतल्यास आरएसआरपी सुधारतो पण वेग अपेक्षेइतका वाढत नाही.

लोक पैसे वाया घालवतात ते केबलीत. बाजारात सहज मिळणारी आरजी-५८ जातीची बारीक केबल १८०० मेगाहर्ट्झवर मीटरमागे पाऊण डीबीच्या आसपास संकेत खाते, म्हणजे दहा मीटरच्या वेटोळ्यात सात-आठ डीबी जातात आणि अँटेनाने कमावलेले सगळे तिथेच संपते. एलएमआर-४०० जातीच्या जाड केबलीत हेच नुकसान दहा मीटरला दोन डीबीच्या आसपास राहते, पण ती महाग असते आणि सहज वळत नाही. सीताबर्डीच्या बाजारात केबल मागताना नुसती "अँटेनाची वायर" मागितली तर टीव्हीची ७५ ओहमची केबल हातात पडते; मोबाइलच्या अँटेनाला ५० ओहमची लागते.

यावर सर्वांत सुटसुटीत उपाय म्हणजे बाहेर लावायचा, पाणी न शिरणारा राउटर. त्यात अँटेना आणि राउटर एकाच पेटीत असतात, पेटी खांबावर चढते आणि तिच्यापासून कॅराव्हॅनपर्यंत साधी इथरनेटची केबल येते, जिच्यातून वीजही वर जाते. इथरनेटला शंभर मीटरपर्यंत काही होत नाही, त्यामुळे कॅराव्हॅन सावलीत आणि पेटी साठ मीटरवरच्या बांधावर असे खुशाल ठेवता येते. गुरांच्या वाटेवर केबल टाकू नये आणि रानडुकरांचा वावर असेल तिथे ती जमिनीवरून न नेता झाडांना बांधून न्यावी.

अँटेना रोखण्याचे काम दोघांनी करावे. एकाने खांब धरावा आणि दुसऱ्याने आत बसून राउटरच्या पानावरचे आकडे मोठ्याने वाचावेत. टॉवर दिसत असेल तर त्याच्याकडे, नसेल तर जवळच्या मोठ्या गावाकडे तोंड करून सुरुवात करावी, आणि दर वेळी वीतभर फिरवून पूर्ण एक मिनिट थांबावे, कारण राउटर आकडे सावकाश बदलतो. घाई केली की आतला माणूस मागच्या स्थितीचा आकडा वाचत राहतो आणि बाहेरचा चांगली जागा ओलांडून पुढे जातो. समजा एका दिशेला आरएसआरपी उणे ९८ आणि एसआयएनआर ४ दिसला, आणि थोडे डावीकडे फिरवल्यावर उणे १०१ आणि १३. इथे दुसरी स्थिती घ्यावी, कारण पहिल्या दिशेला दोन टॉवर एकमेकांत मिसळत आहेत. जागा ठरली की खांबावर आणि जमिनीवर खडूने खूण करावी, म्हणजे रात्री वाऱ्याने फिरली तरी सकाळी पुन्हा शोधाशोध होत नाही.

खांब उभा करण्यापूर्वी वर पाहावे. शेतातून गेलेल्या ११ केव्हीच्या तारांजवळ ॲल्युमिनियमचा सरकता खांब उभारणे जिवावर बेतू शकते. एप्रिल-मे महिन्यांतले अवकाळी वादळ आणि जूनमधल्या विजा यांचे ढग दिसताच खांब खाली घ्यावा आणि केबल राउटरपासून काढून ठेवावी, मग बैठक कितीही महत्त्वाची असो.

बूस्टर आणि उपग्रहाबद्दल

परदेशी कॅराव्हॅनवाल्यांच्या चित्रफितींत सिग्नल बूस्टर, म्हणजे मोबाइलचा संकेत वाढवून पुन्हा प्रक्षेपित करणारे यंत्र, सर्रास दिसतो. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीवाचून असा बूस्टर किंवा रिपीटर बाळगणे, विकणे आणि वापरणे बेकायदेशीर आहे, मग तो संकेतस्थळावरून कितीही सहज घरपोच मिळत असो. तो साऱ्या परिसराचा संकेत बिघडवतो आणि कंपन्यांची पथके अशी यंत्रे शोधत असतात. राउटरला जोडलेली साधी अँटेना मात्र स्वतः काहीच वाढवून प्रक्षेपित करत नसल्याने या बंदीत येत नाही.

उपग्रहाच्या बाबतीतही दक्षता हवी. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, पण परदेशात खरेदी केलेला संच इथे आणून लावणे त्यामुळे कायदेशीर ठरत नाही. भारतातील ग्राहक म्हणून अधिकृत जोडणी घेतली असेल तरच तो वापरावा. थुराया आणि इरिडियमचे फोन तसेच उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रे परवानगीवाचून सोबत ठेवल्याबद्दल पर्यटकांवर गुन्हे दाखल झालेले आहेत. क्रिकेटच्या सामन्यांनी डेटा संपत असेल तर त्याला सोपा उतारा आहे: डीडी फ्री डिशची तबकडी. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे नागपूर परिसरात ती आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर रोखावी लागते, आणि महिन्याचे भाडे काहीच नसते.

पायरी ७: वीज आणि ऊन

राउटर साधारण ८ वॉट खातो असे धरले तर दिवसरात्र चालवून १९२ वॉट-तास होतात. लॅपटॉप आठ तास ५० वॉटने चालला तर ४०० होतात. म्हणजे १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतल्या १२८० वॉट-तासांत कामाचे दोन दिवस निघतात. इतक्याच क्षमतेच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच काढावे, नाहीतर तिचे आयुष्य घटते. या हिशेबात कूलर धरलेला नाही. दीडशे-दोनशे वॉटचा कूलर याच बॅटरीवर लावला तर सात-आठ तासांत ती रिकामी होते, म्हणून उन्हाळ्यात बाहेरची वीजजोडणी असलेलीच जागा निवडावी.

राउटर इन्व्हर्टरमार्गे चालवू नये. इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी राउटरइतकी किंवा त्याहून जास्त वीज खातो. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण बॅटरी चार्ज होताना तिचा दाब १४.४ व्होल्टच्या वर जातो, त्यामुळे मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवावा आणि धन तारेत फ्यूज टाकावा. सौरपत्रा १०० वॉटचा असेल तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी चारशे वॉट-तासांच्या आसपास मिळतात. भर उन्हाळ्यात यापेक्षा खूप जास्त मिळेल असा समज असतो, पण पत्रा तापला की दर अंशामागे साधारण ०.४ टक्के उत्पादन घटते.

नवतपाच्या दिवसांत नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. बंद कॅराव्हॅनच्या छताजवळचे कपाट ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा. राउटर खालच्या बाजूला, भिंतीपासून चार बोटे दूर, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवावा, मात्र कूलरच्या थेट झोतात नको, कारण ओलसर हवेने आतल्या जोडण्या गंजतात. फोनचा हॉटस्पॉट वापरत असाल तर त्याचे कव्हर काढून ठेवावे आणि तो चार्जिंगला लावून उन्हात ठेवू नये. फोन तापला की आधी चार्जिंग थांबवतो, मग वेग कमी करतो.

पायरी ८: डेटा राखून वापरणे

नागपूर सोडण्यापूर्वी घरच्या फायबरवर लॅपटॉपचे सारे अपडेट उरकावेत, प्रवासाच्या भागाचे गूगल नकाशे ऑफलाइन उतरवून घ्यावेत, कामाच्या फायली संगणकावर साठवाव्यात. कॅराव्हॅनमधील वायफायला विंडोजमध्ये मीटर्ड कनेक्शन (मर्यादित डेटाची जोडणी) ठरवावे आणि फोनमधला फोटोंचा बॅकअप केवळ घरच्या वायफायवर चालेल असा लावावा. सफारीहून परतलेल्या चौघांचे फोन एकाच वेळी दोनशे-दोनशे छायाचित्रे वर चढवू लागले की तुटपुंजा अपलोड त्यातच संपतो आणि दोष बिचाऱ्या राउटरला मिळतो. मुलांच्या फोनसाठी राउटरमध्ये वेगळे अतिथी वायफाय करून त्याला वेगाची मर्यादा घालावी.

रिसॉर्टचे वायफाय चांगले असेल तर राउटरला ते पकडून आत पुन्हा वाटण्याच्या पद्धतीवर लावता येते. दुरून पकडताना २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा निवडावा. शनिवारी रात्री आठनंतर त्यावर विसंबू नये.

कामाची वेळ आणि रेंज गेल्यावर काय करायचे

गावातल्या टॉवरवर रात्री आठ ते अकरा गर्दी असते, पहाटे आणि सकाळी तो मोकळा असतो. जड फायली पाठवण्याचे काम सकाळी सातच्या आत उरकावे आणि सफारी दुपारच्या फेरीची घ्यावी. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीत मोबाइल नेण्यास बंदी आहे, त्यामुळे त्या चार-पाच तासांत आपण मिळणार नाही हे कचेरीला आधीच लेखी कळवावे. महत्त्वाच्या बैठकीला दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून साध्या फोनने जोडण्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. वादळात गावाची वीज गेली की टॉवर काही तास आपल्या बॅटरीवर चालतो आणि मग तोही बंद पडतो. वीज गेल्याचे दिसताच पाठवायचे ते लगेच पाठवावे.

दोन्ही सिम बंद पडली तर ओढणाऱ्या गाडीने महामार्गाकडे निघावे आणि येतानाच हेरून ठेवलेल्या ढाब्यावर किंवा पेट्रोलपंपावर बसून काम करावे. त्यासाठी येताना शेवटचा चांगला आकडा कुठे दिसला, ते ठिकाण नकाशावर खूण करून ठेवावे. आपल्या कंपनीची रेंज नसतानाही ११२ हा आपत्कालीन क्रमांक परिसरातल्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो, आणि एकही टॉवर नसेल तर तोही लागत नाही; म्हणून सर्वांत जवळची रेंज किती अंतरावर आहे हे सोबतच्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

परतीच्या सकाळी कॅराव्हॅन जोडण्यापूर्वी खांब उतरवला का, केबल चाकाखाली तर नाही ना, आणि सौरपत्र्याची पकड घट्ट आहे का, हे एकाने पाहावे आणि दुसऱ्याने पुन्हा पाहावे. राउटरमधले सिम काढून फोनच्या कव्हरमागे न ठेवता डबीत ठेवावे, आणि या जागी कोणत्या कंपनीचा कोणता बँड, कोणत्या दिशेला, किती आकड्यांनी चालला, त्या दोन ओळी गाडीच्या वहीत लिहाव्यात. पुढच्या वेळी तिथली अर्धी शोधाशोध वाचते.